पांढरं पाणी

पालीच्या धक्क्यावर लीलाधर तांडेलाचं नाव निघालं की म्हातारी माणसंसुद्धा मान डोलवायची. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या. जाळं कुठं टाकायचं, कधी ओढायचं, घराकडं कधी वळायचं, हे सगळं त्यानं ठरवायचं. बोटीवर जीपीएस होता, वायरलेस होती, तरी खलाशी आधी लीलाधरच्या चेहऱ्याकडं बघत आणि मग त्या पडद्याकडं. पाण्याचा रंग किंचित मातकट झाला, वाऱ्याला ओलसर वास आला, की हा माणूस बसल्या जागेवरून उठायचा आणि म्हणायचा, "चला, आवरा." तासाभरात खरंच आभाळ फिरायचं.

इतकं सगळं कळणाऱ्या या माणसाला स्वतःच्या अंगातलं मात्र काही म्हणता काही कळत नव्हतं. घसा कोरडा पडला तर खाऱ्या वाऱ्यानं पडला. पाय जड झाले तर वय झालं. मुंग्या आल्या तर फार वेळ उभं राहिल्यामुळं आल्या. दोन वर्षांपूर्वी, बावन्नाव्या वर्षी, जाळं झाडताना त्याच्या पायाच्या तळव्यात शिंगाळा माशाचा काटा घुसला. त्यानं तो उपटून टाकला, वर हळद दाबली आणि विसरून गेला. दीड महिना झाला तरी जखम ओलीच. शेवटी त्याच्या बायकोनं, आनंदीनं, एक दिवस माशांची पाटी घरी ठेवली आणि त्याला हाताला धरून बसमध्ये बसवलं.

आनंदी शहरातल्या जेसल पार्क वसाहतीत घरोघर मासे विकायची. तिथल्या एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर डॉक्टर मृणालिनींचा दवाखाना होता. बाई आठ वर्षांपूर्वी दादरहून इकडं राहायला आलेल्या, बोंबील घेताना कधी घासाघीस न करणाऱ्या, म्हणून आनंदीचा त्यांच्यावर फार जीव. त्यांनी जखम पाहिली, बोटातून रक्ताचा थेंब काढला, आणि यंत्रावरचा आकडा लीलाधरला दाखवला.

"काका, साखर आहे तुम्हाला. बरीच आहे. घरात कुणाला होती?"

आनंदी म्हणाली, "सासूला असंल. तवा कुणी बघितली न्हाय."

सासूचं नाव हौसाबाई. तिच्या पायालाही अशीच जखम झाली होती. चार महिने ती झाडपाल्याचा लेप बांधत राहिली. इस्पितळात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. डॉक्टरांनी पाय गुडघ्याखालून काढला. त्यानंतर हौसाबाई ओट्यावर बसून राहायची आणि समुद्राकडं बघायची. वर्ष पुरं व्हायच्या आत ती गेली. तेव्हापासून लीलाधरच्या मनात दोन भीती शेजारी शेजारी राहत होत्या. एक झाडपाल्याची, एक इस्पितळाची.

गोळ्या सुरू झाल्या. जखम भरली. आणि जखम भरल्यावर लीलाधरला वाटलं, झालं, सुटलो. घरी असला की आनंदी गोळी हातावर ठेवायची, तो गिळायचा. बोटीवर गेला की डबी बॅगेतच राहायची. तीन-चार महिन्यांनी दवाखान्यात जायचं, मॅडम विचारायच्या, "गोळ्या रोज घेताय ना?" आणि हा म्हणायचा, "घेतो की." मॅडम रिपोर्ट बघायच्या, कपाळाला आठी घालायच्या, आणि गोळी थोडी वाढवायच्या. असं तीनदा झालं.

मग कुणीतरी आनंदीला घोडबंदरच्या काशीनाथ वैद्यांचं नाव सांगितलं. म्हातारा शहात्तर वर्षांचा, तिथल्या किल्ल्याच्या खालच्या अंगाला राहणारा, दारात सदा चार माणसं बसलेली. झाडपाल्याची भीती असूनही आनंदीच्या हट्टापायी लीलाधर त्यांच्यापुढं जाऊन बसला; ती बाहेरच थांबली. वैद्यांनी त्याचं मनगट हातात घेऊन डोळे मिटले. मग प्रश्न सुरू झाले. झोप कधी लागते? जेवतोस किती वाजता? भूक लागल्यावर जेवतोस की ताट आलं म्हणून? लीलाधरनं या प्रश्नांचा कधी विचारच केला नव्हता. तोंडाला येईल ते तो सांगत गेला.

"दुसरं काही औषध चालू आहे का?" वैद्यांनी विचारलं.

त्याच्या आधी आत गेलेल्या माणसाला वैद्यांनी परत पाठवलं होतं. आधी डॉक्टरांना विचारून ये, मग बघू, असं ते म्हणालेले लीलाधरनं बाहेर ऐकलं होतं. इतक्या लांब येऊन हात हलवत जायचं त्याच्या जिवावर आलं.

"न्हाय," तो म्हणाला.

पुड्या मिळाल्या, काढा मिळाला. पुढच्या खेपेला मॅडमना त्यानं पुड्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही. मनातून तो खूशच होता. आता दोन दोन माणसं आपल्या साखरेची काळजी घेतायत, आपण कशाला करायची?

नारळी पौर्णिमा झाली, बोटी पाण्यात उतरल्या. निघायच्या दिवशी आनंदीनं एका डब्यात गोळ्या भरल्या, दुसऱ्यात पुड्या, आणि दोन्ही डबे त्याच्या पुढ्यात ठेवले.

"तुमच्या आयची शपथ घ्या. या खेपेला एकबी चुकवायची न्हाय."

आईची शपथ लीलाधरनं आजवर मोडली नव्हती. त्यामुळं दोन वर्षांत पहिल्यांदाच, बोटीवर त्यानं ती तीनदा वाढवलेली गोळी वेळेवर घेतली. सकाळी घेतली, संध्याकाळी घेतली, वर वैद्यांची पुडीही घेतली. जेवण मात्र बोटीवरचं. जाळं वर आलं की कुणाला भात सुचतो? दुसऱ्या दिवशी मासळी दाबून लागली. कधी दोन घास, कधी नुसता पाव. तिसऱ्या दिवशी दिवस उजाडता उजाडता बोट घराकडं वळली. लीलाधरनं शपथेप्रमाणं गोळी घेतली, पुडी घेतली, आणि किनारा दिसू लागल्यावर, धाकटा भाऊ दिपेश चहा टाकायला खाली गेला म्हणून सुकाणूचं चाक स्वतःच्या हातात घेतलं.

आधी पाणी उजळलं. सूर्य वर आला होता हे खरं, पण हा उजेड वरून येत नव्हता, पाण्याच्या आतून येत होता. हिरवट पाणी हळूहळू फिकं झालं, मग दुधासारखं पांढरं झालं, आणि पार क्षितिजापर्यंत सपाट पसरलं. कुठं लाट नाही, फेस नाही. इंजिनाचा आवाज दूर दूर गेला, दुसऱ्या कुठल्यातरी गावात कुणी काहीतरी दळत असावं तसा. बोटांना बारीक कंप सुटला होता, पण तोसुद्धा गोड वाटत होता. भूक नव्हती, तहान नव्हती, पायातलं जडपण नव्हतं.

त्या पांढऱ्या पाण्यावर बांबू रोवलेले होते. बांबूंना दोऱ्या बांधलेल्या, आणि दोऱ्यांवर बोंबील वाळत घातलेले, जोडीजोडीनं जबड्यात जबडा अडकवून. वारा नसताना ते हलत होते. त्यांच्यामधून एक बाई चालत येत होती. कासोटा घातलेलं लुगडं, कमरेला खोचलेला पदर. ती चालताना पाण्यावर बारीक वर्तुळं उमटत होती. एक या पायाचं, एक त्या पायाचं. लीलाधरनं नीट बघितलं. आईला दोन्ही पाय होते.

"लीला," हौसाबाई म्हणाली, "ये रं. किती उशीर केलास."

त्याला रडू आलं, आणि हसूही. तिच्याकडं जायला चाक जरासंच फिरवावं लागणार होतं. त्यानं ते फिरवलं.

कुणीतरी ओरडत होतं. दादा, होडी. दादा, डावीकडं घ्या. शब्द त्याला ऐकू येत होते, पण ते पाण्याखालून आल्यासारखे फुगून येत होते आणि त्यांचा अर्थ वाटेतच विरघळत होता. कुणीतरी त्याचे हात चाकावरून सोडवू लागलं. त्यानं हात घट्ट केले. आई जवळ आली होती. मग एक मोठा, कोरडा आवाज झाला आणि पांढरं पाणी फुटलं.

शुद्धीवर आला तेव्हा तो फळ्यांवर बसलेला होता आणि दिपेश त्याच्या तोंडाला साखरेचा पाक म्हणावा असा चहा लावत होता. दिपेशला फार काही कळून त्यानं हे केलं नव्हतं. दादा घामानं निथळतोय, ओठ थरथरतायत, तोंडाला दारूचा वास नाही, तेव्हा चहा पाजावा, एवढंच त्याला सुचलं. त्या चहानंच लीलाधर वाचला.

समोर पालीचाच जितेश बसला होता, ओलाचिंब, उजवं मनगट डाव्या हातात धरून. किनाऱ्यालगत एकट्यानं जाळं लावणारा तिशीचा गडी. त्याची छोटी होडी आडवी येत नव्हती. बोटच तिच्यावर गेली होती. होडीची एक बाजू फुटली होती. जितेशनं वेळेवर उडी मारली म्हणून तो जिवंत होता.

"तांडेल," जितेश म्हणाला, "तुमी हसत होतात. माझ्याकडं बघून हसत होतात."

दुपारपर्यंत गावभर झालं की लीलाधर तांडेल पिऊन बोट हाकत होता.

घरात वेगळंच भांडण पेटलं. आनंदी म्हणाली, हे सगळं त्या वैद्याच्या पुड्यांनी केलं. आपणच नेलं, आपलंच डोकं फिरलं होतं. दिपेश म्हणाला, पुड्यांनी काय होतंय, पालापाचोळा तो; त्या मॅडमच्या गोळ्या जहाल हायत. दोघंही आवाज चढवून बोलत होते, आणि दोघांच्या मध्ये खाटेवर पडलेला लीलाधर पंख्याकडं बघत होता. त्याला अजून ते पांढरं पाणी दिसत होतं. खरं सांगायचं तर त्याला तिथं परत जावंसं वाटत होतं.

"गप बसा," तो शेवटी म्हणाला. "मॅडमना पुड्या ठाव न्हाईत. वैद्यांना गोळ्या ठाव न्हाईत. दोघांनी मला विचारलं होतं. दोघांना मी खोटं सांगितलं."

आनंदी त्याच्याकडं बघतच राहिली. मग ती त्याच्या पायाशी बसली आणि त्याचे तळवे चोळत राहिली.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच जेसल पार्कात गेला आणि मॅडमच्या टेबलावर त्यानं पुड्यांचा डबा ठेवला. सगळं सांगितलं. बोटीवर गोळ्या न घेतल्याचंही सांगितलं. मृणालिनी बाई कधी चिडत नसत. त्या दिवशी त्यांचे कान लाल झाले.

"काका, तुम्ही घेताय असं समजून मी डोस वाढवत गेले. बोटीवर एवढी गोळी तुमच्या पोटात कधी गेलीच नव्हती. आणि पहिल्यांदा गेली ती उपाशीपोटी, वर याच्यासकट. साखर पार तळाला गेली, म्हणून शुद्ध हरपली." त्यांनी डबा उचलून पाहिला. "काय आहे यात?"

"न्हाय माहीत."

"मग विचारून या. मला माहीत असल्याशिवाय मी पुढं काही लिहिणार नाही. तोवर ती साखरेवरची गोळी बंद, आणि हे यंत्र घरी न्या, रोज सकाळ-संध्याकाळ साखर तपासून मला फोन करायचा."

तिसऱ्या दिवशी तो घोडबंदरला गेला, खिशात गोळ्यांची पट्टी घेऊन. वैद्यांनी पट्टी बघितली, चष्मा काढला.

"मी तुला विचारलं होतं."

"व्हय."

"मग?"

"भ्यालो. परत पाठवाल म्हणून."

वैद्यांनी बाहेर खाडीकडं बघितलं. पाणी ओसरत होतं, चिखलावर बगळे उतरत होते. मग त्यांनी टोपी घातली, छत्री काखेत मारली आणि म्हणाले, "चल. मला त्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन चल. तुझ्या तोंडून निरोप गेला तर वाटेत काय होईल ते सांगता येत नाही."

तर अशा रीतीनं काशीनाथ वैद्य जेसल पार्कातल्या दवाखान्यात, वजनकाट्याच्या शेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत येऊन बसले. मृणालिनी बाई आधी जरा ताठच होत्या. वैद्यांनी त्यांच्याच पॅडवर सुवाच्य अक्षरात पुडीतल्या सगळ्या वस्तू लिहून दिल्या: गुडमार, जांभळाच्या बिया, कारल्याच्या बिया, मेथी, हळद आणि आणखी दोन.

"यातल्या तीन-चार गोष्टी साखर उतरवतात," बाई म्हणाल्या.

"उतरवायलाच दिल्या होत्या," वैद्य म्हणाले.

बाईंना हसू आलं. त्यानंतर मात्र दोघांचं बोलणं सुरू झालं ते लीलाधरच्या डोक्यावरून. मूत्रपिंड, पचन, रिपोर्ट, नाडी. काही ठिकाणी दोघांचं पटलं नाही, आणि न पटल्याचं दोघांनी तोंडावर सांगितलं. लीलाधर एकदा इकडं बघत होता, एकदा तिकडं. त्याला वाटलं, बरं आहे, आता ही दोघं मिळून ठरवतील आणि आपण सुटू. तेवढ्यात दोघंही एकदमच त्याच्याकडं वळली.

बोटीवर पहिला घास किती वाजता पोटात जातो? शेवटचा कधी? जाळं ओढायला किती वेळ लागतो? हात थरथरायला लागतात तेव्हा आधी काय होतं? बोटीवर तुला साखर आहे हे कुणाला माहीत आहे?

"कुणालाच न्हाय," लीलाधर म्हणाला. आणि मग एकेका प्रश्नाचं उत्तर आठवून आठवून, चुकलं तर दुरुस्त करून, तो देत गेला. अर्धा तास लागला. त्याचा सदरा घामानं भिजला.

शेवटी वैद्य म्हणाले, "माझी पुडी सध्या बंद. ती वाईट आहे म्हणून नाही. कशानं काय होतंय ते आधी कळू दे. पण जेवण वेळेवर. दुपारी जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. आणि निजताना तळव्यांना तिळाचं तेल."

"तेल लावताना तळवे उजेडात नीट बघायचे," मृणालिनी बाई म्हणाल्या. "तुम्हाला काटा रुतलेला कळत नाही, काका. तो डोळ्यांनीच शोधायला हवा. आणि बोटांच्या बेचक्यात तेल नको, तिथं ओल राहते."

"बरोबर आहे," वैद्य म्हणाले.

गोळी उद्यापासून परत सुरू, पण अर्धी. रोज सकाळी साखर तपासायची. खिशात खडीसाखर, हात थरथरायला लागले की लगेच खायला. आणि तीन महिने सुकाणूला हात लावायचा नाही.

"बोट?" लीलाधरचा आवाज चिरकला.

"बोट तुमच्या भावाला चालवू द्या. त्या होडीत एक माणूस होता, काका."

त्या होडीतल्या माणसाकडं तो संध्याकाळी गेला. जितेश ओट्यावर बसला होता, कोपरापर्यंत प्लास्टर. आजूबाजूला चार बायका जाळी शिवत होत्या. त्यांच्यादेखत लीलाधर म्हणाला, "दारू न्हवती रं. मला साखरेचा आजार हाय. दोन औषधं एकमेकांपासून लपवली मी. त्यानं शुद्ध गेली. चूक माझी."

बायकांचे हात थांबले. तांडेलानं असं बोलायचं म्हणजे काय, हे त्यांना माहीत होतं.

"मग आता?" जितेश म्हणाला. "होडी दुरुस्त व्हईल. हात दीड महिना लटकला. जाळं कोण ओढील?"

"मी ओढतो."

आणि खरंच, पुढच्या सोमवारी, दिपेश मोठी बोट घेऊन निघाला तेव्हा पाच खलाशांचा तांडेल लीलाधर एका डागडुजी केलेल्या वल्ह्याच्या होडीत बसून किनाऱ्यालगत चालला होता, आणि त्याच्याहून वीस-पंचवीस वर्षांनी लहान असलेला जितेश गळ्यात हात अडकवून त्याला सांगत होता, इकडं घ्या, तिकडं नको. धक्क्यावरचे लोक पहिले दोन दिवस हसले. मग सवय झाली.

लीलाधरला मात्र त्या सकाळींची चटक लागली. पहाट सरली की निघायचं. त्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं राहून बोट टोचायचं आणि आकडा तिथीच्या खाली लिहायचा. उधाणाच्या तिथी, भांगाच्या म्हणजे मंद भरतीच्या तिथी, आणि त्यांच्या पोटात हे नवे आकडे. काही दिवसांनी त्याला त्यांच्यातलं काही कळू लागलं. रात्री भात जास्त झाला की सकाळी आकडा फुगतो. झोप नीट झाली की उतरतो. ज्या दिवशी आनंदीशी भांडण होतं त्या दिवशीही फुगतो. हे त्यानं मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, होतं तसं. वैद्यांना सांगितलं तर ते म्हणाले, मग भांडू नकोस.

होडीत मोठ्या बोटीसारखा आवाज नसतो. वल्हं पाण्यात जातं, बाहेर येतं, थेंब टपकतात. डोंगरावरचं दीपगृह धुक्यात अर्धंच दिसतं. कधी धुकं इतकं खाली यायचं, की पाणी कुठं संपलं आणि आभाळ कुठं लागलं ते समजायचं नाही; होडी मधेच कुठंतरी टांगल्यासारखी वाटायची. अशा वेळी जितेशही बोलायचा नाही. लीलाधरला आपला श्वास ऐकू यायचा, छातीतले ठोके ऐकू यायचे, मांड्यांमधून रक्त फिरतंय हेसुद्धा जाणवायचं. इतकी वर्षं हे सगळं आत चालू होतं आणि आपण एकदाही कान दिला नाही, याचं त्याला नवल वाटायचं.

पाचव्या आठवड्यातली गोष्ट. उधाणाची ओढ होती, परतताना प्रवाह उलटा लागला, आणि जाळ्यात मासळीही बरी होती. सकाळी त्यानं भाकरी खाल्ली होती, पण रोजच्यापेक्षा एक कमी. वल्हं मारता मारता त्याच्या लक्षात आलं की पाणी उजळतंय.

तोच उजेड. आतून येणारा. हिरवं फिकं झालं, फिकं पांढरं होऊ लागलं. वल्ह्याचा आवाज दूर गेला. बोटांना तो बारीक, गोड कंप सुटला. आणि लांब, जिथं धुकं पाण्याला टेकलं होतं तिथं, एक बांबू उभा राहिला. मग दुसरा.

लीलाधरनं वल्हं थांबवलं.

त्याला ठाऊक होतं आता काय येणार. दोऱ्या येतील, बोंबील येतील, त्यांच्यामधून ती येईल. दोन पायांवर चालत. तिला बघायला फक्त एवढंच करायचं होतं, की काहीच करायचं नाही. बसून राहायचं. जीव तिकडं ओढला जात होता. पदराची कड दिसलीसुद्धा, किंवा त्याला तसं वाटलं.

"जितेश," तो म्हणाला. जीभ जड झाली होती. "मला व्हायला लागलंय. खिशात... हात पोचत न्हाय."

जितेश एका हातानं सरकत पुढं आला. त्यानं तांडेलाच्या खिशातून खडीसाखरेची पुडी काढली आणि दातांनी फाडली. लीलाधरनं एक खडा चावला, मग दुसरा, मग आणखी. डोळे उघडेच ठेवले. होडी प्रवाहाबरोबर मागं मागं जात होती, जाऊ दिली. पांढऱ्यात हिरवं परत मिसळू लागलं. बांबू विरले. वल्ह्यावरून पडणाऱ्या थेंबाचा आवाज पुन्हा जवळ आला. कपाळावरचा घाम गार पडला, आणि मग एकदम कडकडून भूक लागली.

"आली होती?" जितेशनं हळूच विचारलं. आईचं लीलाधरनं त्याला एकदा सांगितलं होतं.

"येत होती," लीलाधर म्हणाला. "मीच न्हाय येऊ दिली."

तो रडला. जितेश तोंड दुसरीकडं करून बसला. मग दोघांनी जितेशच्या डब्यातली भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाल्ली, पाव तास थांबले, आणि मगच वल्हं पाण्यात गेलं.

त्याच दुपारी लीलाधरनं दवाखान्यात फोन केला. सकाळचा आकडा किती होता, काय खाल्लं, किती वेळ वल्हं मारलं, पहिली खूण कधी दिसली, सगळं क्रमानं सांगितलं. पलीकडं मृणालिनी बाई लिहून घेत होत्या.

"ती अर्धी गोळीही बंद करू या," त्या म्हणाल्या. "तुमच्या कामाला ती जमत नाही. दुसरी देते, तिनं सहसा असं होत नाही. काका, हे तुम्ही सांगितलं नसतंत तर मला कळलं नसतं."

तीन महिन्यांचा रिपोर्ट आला तो अगदी कौतुक करावा असा नव्हता, पण आधीच्यापेक्षा पुष्कळ बरा होता. वैद्यांनी मॅडमना फोन करून पुडीतली फक्त एक वस्तू, तीही चिमूटभर, परत सुरू करू का म्हणून विचारलं. मॅडम म्हणाल्या, महिनाभर थांबू या. वैद्य थांबले. जितेशचं प्लास्टर केव्हाच निघालं होतं. तरी लीलाधर दर आठवड्याला एखाद-दुसऱ्या सकाळी त्याच्या होडीत जाऊन बसायचा. जितेश म्हणायचा, "तांडेल, आता तुमी जरा नीट वल्हवायला लागलात."

डिसेंबरात लीलाधर पुन्हा मोठ्या बोटीवर चढला. बर्फ भरून झाला होता, डिझेल भरून झालं होतं, दिपेश इंजिन चालू करून उभा होता. लीलाधरनं सगळ्या खलाशांना पुढच्या फळीवर बसवलं आणि तो त्यांच्यासमोर उभा राहिला.

"ऐका. मला साखर हाय. चाक हातात असताना मी उगाच हसायला लागलो, हाक मारल्यावर ओ दिली न्हाय, घाम फुटला, तर दिपेशनं चाक घ्यायचं. मी न्हाय म्हणालो तरी घ्यायचं. केबिनमधी खडीसाखर हाय, ती तोंडात घालायची. आन जेवायची वेळ झाली की जाळं थांबंल, जेवण न्हाय थांबणार. सगळ्यांचंच."

एक बोट भोंगा वाजवत शेजारून बाहेर पडली. मग कडेला बसलेल्या भूपेशनं, वीस वर्षं या बोटीवर असलेल्या आडमाप माणसानं, खाली मान घालून बनियनच्या आतून एक चुरगळलेली गोळ्यांची पट्टी काढली.

"माझीबी हाय, तांडेल. बीपीची. दोन महिने घेतली न्हाय."

"का रं?"

"बरं वाटत होतं."

दिपेश हसला, मग लीलाधर, मग सगळेच. भूपेशही हसला, पण त्याचे डोळे भ्यालेले होते. लीलाधरनं ते बघितलं. त्यानं दिपेशला इंजिन बंद करायला सांगितलं.

"उतर खाली," तो भूपेशला म्हणाला. "पट्टी घे, आन चल माझ्यासंगं. मॅडमचा दवाखाना बारापर्यंत उघडा असतो. काय विचारतील ते खरं खरं सांगायचं."

"आन बोट?"

"बोट संध्याकाळच्या भरतीला काढू."

दोघं धक्क्यावर उतरले आणि कोळिणींच्या पाट्या चुकवत बस थांब्याकडं चालू लागले.